मधले तीन मजले

भाऊ, परवा तुमचं तेरावं झालं. तुमच्या सांडोर गावच्या हॉलमध्ये खुर्च्या कमी पडल्या, मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. एकेक जण उठून बोलत होता. सात माळ्यांच्या बिल्डिंगीतल्या अठ्ठावीस कुटुंबांना तुम्ही वेळेवर बाहेर काढलंत, हे जो तो सांगत होता, आणि ते खरंच आहे. मग कोणीतरी म्हणालं, "जनार्दन, तू वीस वर्षं त्यांच्याबरोबर होतास, तू बोल." मी उठलो. तुमच्या खिशातल्या सुकेळ्यांबद्दल बोललो, पडक्या इमारतीसमोर उभं राहून वाळवलेलं केळं चघळणारा इंजिनियर मी दुसरा पाहिला नाही म्हणालो. लोक हसले, वहिनीही हसल्या. खाली बसलो तेव्हा शेजारच्याने पाठीवर हात ठेवला. त्या हाताची मला लाज वाटली. जे तुम्हाला सांगायचं राहून गेलं, ते मी तिथंही सांगितलं नाही.

म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्ही ऐकणार नाही हे मला कळतं, तेवढा काही मी खुळा झालेलो नाही. पण दुसऱ्या कोणालाही सांगितलं तरी तुम्हाला सांगितल्याशिवाय ते संपत नाही.

आपली पहिली भेट आठवते का? चार मजली इमारत बसली होती. हो, बसलीच होती, पडली म्हणवत नव्हतं. चारही स्लॅब एकावर एक, मध्ये हात जाईल एवढीही फट नाही. मी तेव्हा एका कंत्राटदाराकडे साइटवर नोंदी ठेवायचो, त्याने जेसीबी पाठवला होता म्हणून मीही आलो होतो. सगळे ओरडत होते आणि तुम्ही एकटे उकिडवे बसून तळमजल्याच्या खांबाचा बुंधा बघत होतात. मी विचारलं, "काय सापडलं का साहेब?" तुम्ही म्हणालात, "हा खांब तुटलेला नाही. कापलेला आहे." दुकानाचं शटर रुंद करायला कोणीतरी अर्धा खांब छिनून काढला होता. वरच्या लोकांना काही चाहूलही लागली नसेल. तुमचे डोळे भरून आले होते आणि तुम्ही ते लपवले नाहीत. साहेब लोक असं करत नाहीत, म्हणून मी तुमच्या मागे लागलो. दोन महिन्यांत ती नोकरी सोडून तुमच्याकडे आलो.

तुम्ही मला वही दिलीत. दोनशे पानी, शाळेतल्यासारखी. प्रत्येक पडलेल्या इमारतीला दोन पानं. डाव्या पानावर कशी पडली, उजव्या पानावर का पडली. आणि डावं पान पूर्ण भरल्याशिवाय उजव्याला हात लावायचा नाही, हा तुमचा दंडक. "लोक आधी का ते ठरवतात आणि मग कसं ते त्याला जुळवून घेतात," म्हणायचात. मी पहिल्या आठवड्यात उजवं पान आधी भरलं होतं, तर तुम्ही ते फाडून माझ्या हातात दिलंत. वर म्हणालात, "यात सुकेळी बांधून घेऊन जा."

त्या वहीमुळे मला दिसायला लागलं. नायगावच्या बाजूला भरावावर बांधलेली ती पाच मजली आठवते? ती सबंधच्या सबंध कलली होती, कुठे तडासुद्धा नाही, कंटाळलेला माणूस दाराच्या चौकटीला टेकतो तशी. एका बाजूचा भराव खचत गेला होता. तिने आठ दिवस दिले. लोकांनी देवघरातल्या मूर्तीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत सगळं बाहेर काढलं, आणि वर चहा करून तुम्हाला पाजला. कापलेल्या खांबाच्या इमारतीने आठ सेकंद दिले नव्हते. दोन्ही जवळजवळ सारख्याच उंच. "जमीन खचली तर सावकाश खचते," तुम्ही म्हणालात, "खांब गेला तर सांगत नाही. बीम वाकतो, करकरतो, प्लास्टर टाकतो. खांब गप्प असतो आणि मग एकदम जातो." मग कामणच्या रस्त्यावरचं ते गोदाम, त्यात टेकू लवकर काढले होते. ओला स्लॅब वरून सुटला, खालच्यावर पडला, तो त्याच्या खालच्यावर. तिथं काम करणाऱ्या दोघांना बाहेर काढेपर्यंत तुम्ही पाणी प्यायला नव्हतात.

आणि टॉवर. नायगावच्या बावीस मजल्यांवर आपण लिफ्टने गेलो, तेव्हा मी लिफ्टच्या दाराजवळच थांबलो आणि तुम्ही गच्चीच्या कठड्याला टेकून खाडी बघत होतात. मी म्हटलं, हा पडला तर? तुम्ही म्हणालात, याचे पाइल, म्हणजे पायाचे खांब, खडकापर्यंत गेलेत, लिफ्टच्या भिंती याचा कणा आहेत, याचं गणित कोणीतरी निदान मांडलंय. असे उंच मनोरे पडतात ते बहुतेक वेगळ्या तऱ्हेने: एका कोपऱ्यात गॅसचा स्फोट होतो, नाहीतर आग पोलादाला मऊ करते, एक आधार जातो आणि त्याचा भार शेजारच्यावर, शेजारच्याचा पुढच्यावर, असं लोण पसरत जातं. "आपल्याकडची चार-सात मजली माणसं आधी वाचवू," म्हणालात, "त्यांचं गणित कोणी मांडलेलंच नाही." माणसं म्हणालात तुम्ही, इमारती नाही. मी तेव्हा हसलो होतो.

आपलं भांडण मात्र मिटलं नाही. मी खारवाला, नायगावच्या खाडीकाठच्या शेतकऱ्याचा पोरगा, आमची भातखाचरं भरावाखाली गेलेली मी डोळ्यांनी पाहिली. मी म्हणायचो, सगळं या जमिनीचं आहे, खारी जमीन कोणाची होत नाही. तुम्ही वाडीवाले. सांडोरला तुमची केळीची बाग, पानवेल, बावखलाचं, बागेतल्या तळ्याचं, बारमाही गोडं पाणी. तुम्ही म्हणायचात, "जमिनीला दोष देऊ नकोस, जना. ती आहे तशी आहे, माणसाने तिला विचारलं नाही." मी म्हणायचो, गोडं पाणी पिऊन वाढलेल्यांना असं बोलणं सोपं असतं. चेष्टेत म्हणायचो. पण त्या चेष्टेत काय दडलंय, ते तेव्हा ना तुम्हाला कळलं ना मला.

आता सात माळ्यांची. आमच्या गावातली पहिली उंच बिल्डिंग, म्हणून तिला नावाने कोणी हाकच मारत नसे, सात माळ्यांचीच म्हणत. गेल्या वर्षी तिच्या सेक्रेटरीने तुम्हाला तपासणीला बोलावलं. तुमची नेहमीची पद्धत: आधी मशीन नाही, आधी घरातल्या बाईला नमस्कार आणि एकच प्रश्न, "वहिनी, कोणता दरवाजा घासायला लागलाय?" पुरुषांना माहीत नसतं, बाईला कपाटाचं दार कधीपासून अडतंय ते महिन्यासकट ठाऊक असतं. पहिल्या दोन मजल्यांवर एकही दार अडत नव्हतं. तिसऱ्यावर दोन. चौथ्यावर, पाचव्यावर प्रत्येक घरात. सहाव्यावर पुन्हा सगळं ठीक. मी हातोडीने ठोकत होतो आणि चौथ्या मजल्यावर बाथरूमपासून गॅलरीपर्यंत सगळीकडे बद्द आवाज येत होता. तुम्ही सातव्या मजल्यावर जाऊन जिन्यात बसलात आणि म्हणालात, "हे कुठेच बसत नाही रे."

खरंच बसत नव्हतं. ओल जमिनीतून आली तर तळ आधी सडतो. गच्ची गळली तर वरचे मजले. इथे मधले तीन मजले सडलेले आणि खाली-वर ठणठणीत, एकच कंत्राटदार, एकच सिमेंट, एकाच वर्षाची सळई. तुम्ही प्रत्येक मजल्यावरच्या काँक्रीटचा भुगा काढून लॅबला दिलात. कागद आला: मधल्या तीन मजल्यांत मीठ, बाकी मजल्यांत नाही. आतून सळई गंजून फुगलेली आणि तिने काँक्रीट फोडलेलं.

तो कागद मी तुमच्या हातात दिला त्याआधी वाचला होता. आणि वाचताक्षणी मला आमची बाव दिसली.

भाऊ, ती बिल्डिंग आमच्या विहिरीपासून वीस पावलांवर. बांधकामाला सगळं पाणी आमच्या बावीचं. बाबांना केवढा अभिमान. पारावर बसून सांगायचे, "आपलं पानी सात माले चढलं." आणि तुमच्याकडे यायच्या आधी, त्या साइटवर नोंदी ठेवायला कंत्राटदाराने मला घेतलं होतं, गावचा मुलगा म्हणून. पाणी तपासून घ्यायचं होतं. मीच बाटली भरली, मीच लॅबला नेली. तेव्हा भाद्रपद होता. पाणी गोडं. रिपोर्ट फाईलला लागला.

आमची बाव शिमग्यापर्यंत गोडी असते. शिमगा झाला की फिरते, खाडीचं पाणी आत चढतं, आणि पाऊस चांगला मुरेपर्यंत ती खारीच राहते. हे आमच्या घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक. शिमग्यानंतर त्या प्यायचं पाणी लांबच्या तळ्यावरून आणायच्या, बावीच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणायच्या. मी त्याच घरात जेवत होतो. डाळ शिजलेली मिळत होती, तांब्यात पाणी भरलेलं मिळत होतं, ते कुठून येतं हे मी कधी विचारलं नाही. साइटवर मी शर्टाच्या खिशाला पेन लावलेला माणूस होतो. बिल्डिंगीचे खालचे मजले थंडीत झाले. तिसरा, चौथा, पाचवा शिमग्यानंतर, उन्हाळ्यात, आणि उन्हात काँक्रीट तडकू नये म्हणून आम्ही त्या स्लॅबवर आळी करून तेच पाणी दिवसातून तीनदा भरत होतो, काळजीने. सहावा आणि सातवा गणपती गेल्यावर झाले, तोवर बाव पुन्हा गोडी झाली होती. हातात लॅबचा कागद होता, पाणी चाखून बघायचं मला सुचलं नाही.

तुम्ही मला विचारलंत. सरळ विचारलंत. "जना, तू तिथं होतास ना? पाणी कसं होतं?"

मी म्हणालो, "फाईलमध्ये रिपोर्ट आहे भाऊ. गोडं."

एक शब्दही खोटा नव्हता. तुम्ही मान हलवलीत, फाईल उघडलीत, रिपोर्ट बघितलात आणि पाण्याचा विषय बंद केलात. तारखेवर तुमची नजर गेली असणारच, पण सांडोरच्या विहिरीचं पाणी चैत्रात गोडं आणि भाद्रपदातही गोडं. तुम्हाला शंका येण्याचं कारणच नव्हतं. आणि सांगणारा मी होतो. तुमचा माझ्यावर विश्वास होता, मला वाटतं त्या कागदापेक्षा जास्त.

का नाही बोललो? मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. बाबा गेलेले, त्यांच्या अभिमानाला बट्टा लागेल. गावात तोंड दाखवता येणार नाही. पण खरं कारण एवढंच होतं की मी तुमच्या नजरेतून उतरलो असतो. तुम्ही काही बोलला नसतात. उजव्या पानावर शांतपणे लिहिलं असतंत, आणि ते मला सहन झालं नसतं.

मग तुम्ही रेतीच्या मागे लागलात. खाडीतली रेती नीट धुतली नसेल, मधल्या महिन्यांत वेगळा माल आला असेल. रिपोर्टात तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत: कारण बहुधा रेती, निश्चित सांगता येत नाही. त्या "निश्चित सांगता येत नाही"ने घोटाळा केला. सोसायटीने दुसरा इंजिनियर आणला, त्याने प्लास्टर आणि रंग सांगितला, लोकांना तेच हवं होतं. पाच महिने, भाऊ. पाच महिने तुम्ही त्या जिन्यांवरून चढ-उतार केलीत, छातीत दुखत असताना. मी तुमची बॅग धरून मागे चालत होतो आणि एका वाक्यात ते पाच महिने संपवू शकत होतो. शेवटी पाचव्या मजल्यावर एका स्वयंपाकघरात ओट्यावर स्लॅबचा ढलपा पडला, बाई नुकतीच बाहेरच्या खोलीत गेली होती. त्या दुपारी तुम्ही दारोदार जाऊन हात जोडलेत. अठ्ठावीस घरं चार दिवसांत रिकामी झाली. आणि वीस दिवसांनी ती पडली. मधूनच पडली: चौथा-पाचवा चिरडले आणि वरचे दोन मजले अख्खेच्या अख्खे, खिडक्यांच्या काचांसकट, खाली येऊन बसले. वहीत तसं पान दुसरं नव्हतं. एकही जीव गेला नाही. तुम्ही रस्त्यावर उभे राहून रडलात आणि मलाही जवळ घेतलंत. "आपण वाचवलं रे जना," म्हणालात. आपण.

त्यानंतर तुम्ही फार दिवस काढले नाहीत. श्रावणात मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही वाडीत खाटेवर पडला होतात. आवाज बसला होता. पुन्हा विचारलंत, "मीठ मधेच कसं आलं असेल रे? तू त्या गावचा, तुला काय वाटतं?" मी म्हणालो, "काय माहीत भाऊ." तुम्ही माझ्याकडे जरा वेळ बघत राहिलात. मग म्हणालात, "असू दे, सापडेल." त्या बघण्याचा अर्थ मी गेले पंधरा दिवस लावतोय. कधी वाटतं तुम्हाला कळलं होतं आणि तुम्ही मला एक संधी देत होतात. कधी वाटतं नुसता थकलेला माणूस बघतो तसं बघत होतात. आता ते कोण सांगणार.

मी हे तुमच्याबरोबरच संपू दिलं असतं. खोटं कशाला बोलू. पण सात माळ्यांच्या मागची बिल्डिंग उभी आहे. सहा मजली, त्याच कंत्राटदाराची, एक वर्षानंतरची, पाणी आमच्याच बावीचं आणि नोंदीही माझ्याच. सात माळ्यांची पडल्यावर लोक घाबरून तुमच्याकडे आले होते. वरच्या मजल्यांवर पीओपीची छतं, तिथं भोकं पाडायला कोणी दिलं नाही, आपण तळमजल्याच्या खांबाचा भुगा घेतला. ड्रिल माझ्याच हातात होतं. मीठ निघालं नाही. आणि त्या वर्षी खाडीची रेती बंद होती, नदीची आली होती, म्हणून तुम्ही लिहिलंत, तूर्त धोका कमी. तो तुमचा शेवटचा रिपोर्ट. तळमजल्याचे खांब माघातले होते, बाव तेव्हा गोडी होती. पहिला आणि दुसरा स्लॅब चैत्र-वैशाखातले. ते मी वर जाऊन न बघताही सांगू शकत होतो.

तेराव्याहून घरी आलो तेव्हा आई ओटीवर बसली होती. चौऱ्याऐंशीची आहे, पण कान तिखट. मी हात-पाय धुवून आलो तर म्हणाली, "भले मानूस होते रं. तू त्यांना बावीचं सांगलंस ना?"

मी विचारलं, "बावीचं काय?"

"शिमग्याला पानी फिरतं त्याचं. ती बिल्डिंग पडली तवाच मी बोललो, ह्ये आपल्या पान्यानं झालं. तुला ठाव हाय तर त्यांनापन ठाव असंल, म्हनून मी गप बसलो."

"मग मला का नाही विचारलंस?"

"तू शिकलेला," ती म्हणाली. "मला वाटलं तू सांगलं असशील."

त्या रात्रीचं काही लिहीत नाही. सकाळी सांडोरला वहिनींकडे गेलो. त्या मागच्या पडवीत केळीची पानं पुसत होत्या. मी सगळं सांगितलं, बाटलीपासून. सांगताना वाटत होतं त्या आता मला बसायला दिलेला पाट काढून घेतील. त्यांनी पानं पुसणं थांबवलं नाही. शेवटी म्हटलं, "वहिनी, भाऊंचा शेवटचा रिपोर्ट चुकलाय आणि तो मी चुकवलाय. मला तो खोडावा लागणार. लोक त्यांना नावं ठेवतील."

वहिनी म्हणाल्या, "त्यांना कळलं असतं तर जेवणावरून उठून धावले असते. तुला मी कशी अडवू?" आणि पुढचं पान उचलत म्हणाल्या, "तुझा राग आलाय मला, जना. पण तो नंतर. आधी तिकडे जा."

काल संध्याकाळी मागच्या बिल्डिंगीच्या लोकांना समोरच्या मैदानात बोलावलं. बिल्डिंगीखाली जमायचं नाही, एवढं तुमच्याकडून शिकलोय. आई म्हणाली मीपन येतो. तिला रिक्षातून नेलं, पिंपळाच्या पारावर बसवलं. पन्नासएक माणसं होती. मी आधी माझं नाव सांगितलं, मग बावीचं सांगितलं, मग म्हणालो की रिपोर्ट लिहिणाऱ्याची यात काही चूक नाही, त्यांनी विचारलं होतं आणि मी अर्धं सांगितलं.  मग एक जण पुढे आला, टाय लावलेला, कामावरूनच आलेला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? सात माळ्यांची पडली तेव्हा पण माहीत होतं? आणि आम्ही वर झोपत होतो?" मी हो म्हणालो. तो म्हणाला, "अंकल, माझी मुलगी दोन वर्षांची आहे." आणि तो मागे जाऊन उभा राहिला. त्याने शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग पहिल्या मजल्यावरच्या सुषमाताईंनी विचारलं. आपण भुगा घ्यायला गेलो तेव्हा त्यांनीच दारातून परत पाठवलं होतं, पीओपी नवीन आहे म्हणून. त्यांनी विचारलं, "आमच्या डोक्यावरचा स्लॅब कधीचा?"

मी महिने मोजायला लागलो. पारावरून आई म्हणाली, "तुझ्या डोक्यावरचा वैशाखातला, बाय. आन् तुझ्या पायाखालचा चैतातला, हनमंताच्या जत्रेच्या दिसाचा. त्या दिशी आमच्या घरी तलावाचं पानी पाव्हन्यांना पुरलं नव्हतं."

सुषमाताईंनी आईकडे बघितलं, मग वर स्वतःच्या गॅलरीकडे. तिथे कपडे वाळत होते. त्या वळल्या आणि चालू लागल्या. त्यांच्यामागून दोघी-तिघी गेल्या, मग पुरुष. कोणी मला जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही. मी आईला रिक्षात बसवून घरी पाठवलं आणि गेटजवळ उभा राहिलो, कारण तिथून निघून जायचा मला हक्क नाही असं वाटत होतं. सात वाजता पहिला टेम्पो आला. गाद्या, सिलिंडर, शिलाई मशीन खाली यायला लागलं. मी काही उचलायला पुढे झालो की लोक माझ्या हातून काढून घेत. मग सुषमाताई जिन्यातून खाली आल्या, माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिस्टर दुबईला आहेत. कपाट जड आहे. बोलून झालं असेल तर एक बाजू धरा."

भाऊ, मी वर गेलो. त्या दोन मजल्यांवर तुम्हाला जाता आलं नव्हतं, तिथे गेलो. त्यांच्या उंबऱ्याशी सवयीने चपला काढायला वाकलो तर त्या म्हणाल्या, "राहू द्या हो. आता कुठलं घर."

मी तरी काढल्या, आणि आत जाऊन कपाटाची एक बाजू धरली.